अण्णांचं ताट

अण्णांनी सुरा द्यायला नकार दिला आणि तिथूनच त्या दिवसाचं बिनसलं.

नकार म्हणजे तोंडी नव्हे. अण्णा तोंडानं कुणालाच नाही म्हणत नसत. थोरल्यानं हात पुढे केला तेव्हा त्यांनी सुरा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि ओंडक्यावरच्या मेंढ्याच्या मांडीकडे बघत उभे राहिले. ऐंशी वर्षांचा बाप, पन्नाशी ओलांडलेला मुलगा, दोघंही खाटीक, दोघंही बंद शटरच्या आत आणि मध्ये एक सुरा. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला भलतंच काहीतरी वाटलं असतं.

"द्या अण्णा," थोरला म्हणाला. "आज तुमचा वाढदिवस आहे. आज तुम्ही बसायचं आणि आम्ही वाढायचं."

अण्णांचं म्हणणं पडलं की हाताला सवय झालीय, या वयात उगाच कशाला बदल. थोरल्यानं ते हसण्यावारी नेलं, त्यांच्या बोटांतून सुरा सोडवून घेतला आणि त्यांना खांद्याला धरून जिन्याकडे वळवलं. बापाच्या खांद्याला हात लागला की थोरल्याला अजून बरं वाटे. खांदा अजून दगडासारखा होता. मालाची गाडी आली की पोरांना बाजूला सारून एखादं धड अण्णा अजूनही स्वतः उतरवून घेत, आणि मग दिवसभर थोरला येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत बसे.

घरात एक पद्धत होती आणि ती अण्णांनीच पाडलेली. घरचं मांस जो कापेल तोच टेबलावर सगळ्यांना वाढेल, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवेल. दर रविवारी अण्णाच कापत, अण्णाच वाढत. मुलांना आधी, मग मोठ्यांना, हाडाजवळचं मऊ मांस कुणाला आवडतं ते लक्षात ठेवून. सगळे उठले की ते स्वयंपाकघरात जात आणि दाराकडे पाठ करून स्टुलावर बसून जेवत. आई तेवढी सोबतीला असे. तोवर पोरं बाहेर उंडारायला आणि मोठी माणसं खाली दुकानात पसार झालेली असत. घरचा कर्ता सगळ्यात शेवटी जेवतो म्हणून अख्खी गल्ली या घराचं नाव काढी. थोरल्याला या पद्धतीचा फार अभिमान होता. आज ती मोडतोय याचं त्याला वाईटही वाटत होतं, पण ऐंशी काही रोज पूर्ण होत नाहीत.

शिवाय त्याच्या मनात दुसरंही होतं. सुरा पुसता पुसता त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत तरणेबांड अण्णा होते, एका खांद्यावर मेंढ्याचं एक धड, दुसऱ्या खांद्यावर दुसरं, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू बाजारातून कोथिंबीर आणलीय. त्या फोटोपासून लोक त्यांना पैलवान म्हणू लागले आणि दुकानालाही तेच नाव पडलं. पुढे दुकान थोरल्याच्या हाती आल्यावर त्यानं फोटोखाली तांबड्या रंगात एक ओळ रंगवून घेतली होती. 'पैलवान आमच्याच दुकानातलं खातो.' ओळ रंगवली त्या दिवशी अण्णा बराच वेळ तिच्यासमोर उभे होते. अक्षर छान आलंय, एवढंच म्हणाले.

तर आज हा पैलवान चारचौघांत टेबलाच्या डोक्याशी बसणार होता आणि चिमणीला समजावणार होता. घरात दुसऱ्या कुणाचं ती ऐकत नव्हती.

चिमणी म्हणजे थोरल्याची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून चिमणी. आता ही चिमणी लोखंडी बारच्या दोन्ही टोकांना चकत्या अडकवून अशी काही डोक्यावर घेई की बघणाऱ्याच्या पाठीत चमक भरावी. आठ दिवसांवर मोठी स्पर्धा होती. सगळं कसं छान चाललं असतं, पण गेल्या वर्षी एका रविवारी बाईसाहेबांनी ताटातलं मांस बाजूला सारलं. मग पुढच्या रविवारीही. विचारलं तर म्हणे, नको वाटतं. खाटकाच्या लेकीला मांस नको वाटतं. थोरल्यानं आधी कानाडोळा केला, येईल ताळ्यावर म्हणून. पण दोनतीन महिन्यांनी ही पोरगी सरावाच्या हॉलमध्ये चक्कर येऊन पडली, रक्त तपासलं तर ते नको तितकं खाली गेलेलं, आणि मग मात्र त्याचा धीर सुटला. तो बोलला. ती बोलली. शब्दाला शब्द लागत गेला आणि शेवटी तो म्हणून बसला की या घरात राहायचं तर या घरचं खायचं.

तेव्हापासून घरात मायलेकी बोलत, बापलेक नाही. तिला स्पर्धेच्या जर्सीवर पाठीमागे दुकानाचं नाव हवं होतं. संघाची तशी मुभा होती. थोरल्यानं साफ नाही सांगितलं. पाठीवर मांसाचं दुकान आणि पोटात डाळ, लोक हसतील. काल रात्री तिची बॅग दाराशी येऊन उभी राहिली. जेवण झालं की ती प्रशिक्षकांच्या वसतिगृहात राहायला जाणार होती. स्पर्धेपुरती की कायमची, ते विचारायची थोरल्याच्या बायकोला हिंमत झाली नव्हती आणि थोरल्याला तर अजिबातच नाही.

वर टेबल मांडून झालं होतं. धाकटा भाऊ विमा कंपनीतून परस्पर आला होता आणि येताना केक घेऊन आला होता. नर्सबाई, म्हणजे दोघांची बहीण, रात्रपाळी करून आलेली, डोळे तांबारलेले, पण जीभ नेहमीसारखी तल्लख. टेबलावर दोन तट सरळ दिसत होते. एका बाजूला थोरला आणि धाकटा, दुसऱ्या बाजूला चिमणी आणि तिची नर्स आत्या. चिमणीची आई ताटं लावण्याच्या निमित्तानं मधल्या मध्ये फिरत होती. आई चुलीजवळच होती. मोठ्या पातेल्यात रस्सा, आणि मागच्या शेगडीवर तिची ती नेहमीची छोटी काळी हंडी. आईचं पोट नाजूक. त्या हंडीत तिच्यापुरती डाळ नाहीतर उसळ शिजायची, दोन उकडलेली अंडी असायची. घरात कुणाला लहानपणापासून त्याचं काही वाटत नव्हतं.

थोरल्यानं भाजून झालेली मांडी टेबलावर आणली तेव्हा घर वासानं भरून गेलं. त्यानं पहिला काप काढला, दुसरा काढला, आणि पद्धत मोडून सगळ्यात आधी अण्णांचं ताट भरलं. हाडाजवळचं मऊ मांस, वर चरबीचा खरपूस पापुद्रा. असं ताट त्यानं आयुष्यात दुसऱ्या कुणाला वाढलं नसतं. आयुष्यभर वाढत आलेला हा माणूस आज पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी जेवणार होता. थोरला जरा मोठ्यानंच बोलायला लागला.

त्यानं सुरुवात धाकट्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून केली. धाकट्याला म्हणाला, तुमच्या विम्याच्या भाषेत सांग, ऐंशीचा माणूस धड उचलतो, त्याचा हप्ता किती बसवशील. धाकटा म्हणाला, अशा माणसाचा विमा उतरवायचा नसतो, त्याच्याकडून आपला उतरवून घ्यायचा असतो. सगळे हसले. चिमणीसुद्धा हसली. मग थोरला मुद्द्यावर आला. ताकद कशातून येते, हे पुस्तकात वाचायची गरज नाही, ती या टेबलाच्या डोक्याशी बसलीय. बिनमांसाचं राहून माणूस फार तर जिवंत राहील, पण वजन उचलायला अंगात काहीतरी लागतं.

नर्सबाईनं लगेच मध्ये तोंड घातलं. तिचं म्हणणं असं की पोरगी पडली ती मांस सोडलं म्हणून नव्हे, मांस सोडून त्याजागी चहाबिस्किटांवर दिवस काढले म्हणून. एक सोडलं तर दुसरं धरावं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता डाळी, अंडी, दूध, पालेभाजी, गोळ्या, सगळं ठरवून घेतेय आणि रक्त वर आलंय. तपासणी नर्सबाईनं स्वतः करवून घेतली होती.

"वर आलंय म्हणजे किती वर?" थोरल्यानं विचारलं. "माझ्या चिमणीला तिथं सगळ्या जगासमोर चक्कर आली तर तू धरायला जाणार आहेस?"

"मी चक्कर येऊ देणार नाही," चिमणी म्हणाली.

"तू देणार नाहीस. चक्कर तुला विचारून येते वाटतं."

हे जरा लागलं. चिमणीनं मान खाली घातली आणि थोरल्याला वाटलं, आता वेळ आलीय. तो अण्णांकडे वळला. ताट अजून तसंच होतं. अण्णांनी पावाचा एक तुकडा मोडला होता, तो अजून हातातच होता.

"अण्णा, तुम्हीच सांगा तिला," थोरला म्हणाला. "तुमचं ती ऐकते. आधी चार घास खा आणि मग सांगा."

अण्णांनी समोरच्या मांसाकडे पाहिलं. मग चुलीकडे पाहिलं, जिथं आई उभी होती. आई पदराला हात पुसत होती आणि तिचे हात थांबायचं नाव घेत नव्हते. धाकटा म्हणाला, दात दुखतात का अण्णा, बारीक करून देऊ का. अण्णा म्हणाले, दात शाबूत आहेत. त्यांनी एक काप उचलला. तोंडापर्यंत नेला. त्या एवढ्या मोठ्या हाताला काप जड झाल्यासारखा वाटला आणि तो पुन्हा ताटात आला.

"मी खात नाही रे," अण्णा म्हणाले.

थोरल्याला वाटलं, आज खावंसं वाटत नाही म्हणतायत. वाढदिवसाचं माणसाला भरून येतं. तो म्हणालाही तसं. अण्णांनी मान हलवली.

"आज नव्हे. मी खातच नाही. तू लहान होतास तेव्हापासून."

पुढची काही मिनिटं थोरल्याला नीट आठवत नाहीत. पण अण्णा जे बोलले ते शब्द न् शब्द त्याच्या डोक्यात राहिलं, कारण अण्णा एका दमात इतकं कधीच बोलले नव्हते. जनावरांना साथ आली होती ते वर्ष. महिनोन् महिने माल आला नाही. जो थोडा येई तो गिऱ्हाइकांना द्यायचा, नाहीतर दुकान कायमचं बसलं असतं. त्यातून जे उरे ते घरात तीन पोरांना. थोरला तेव्हा नुकता मोठ्या दुखण्यातून उठलेला, पाय काड्यांसारखे, डॉक्टरांनी कलेजी द्या म्हणून सांगितलेलं. अण्णा आणि आई डाळपाव खाऊन राहिले. साथ सरली, माल सुरू झाला, पोरं पोटभर जेवायला लागली. एका रविवारी अण्णांनी तुकडा तोंडात घातला आणि तो खाली उतरेना. चव नकोशी झाली होती. दया नाही, व्रत नाही, कुणाची शपथ नाही. नकोशी झाली होती, बस.

"मी वाट बघत होतो," अण्णा म्हणाले. "म्हटलं, आता अंगातलं बळ जाईल, मग झक मारत खाईन. ते गेलंच नाही. आणि मग तो फोटो निघाला. सगळे पैलवान म्हणायला लागले. आता खाटकानं लोकांना कसं सांगायचं, मी खात नाही म्हणून? माझ्याकडून मग कुणी घेतलं असतं?"

म्हणून ती पद्धत. म्हणून तो शेवटी जेवणारा कर्ता पुरुष, दाराकडे पाठ. म्हणून ती काळी हंडी, जी आईची कधी नव्हतीच. आईचं पोट दगड पचवील असं होतं. तिनं नवऱ्यासाठी आयुष्यभर नाजूक पोटाचं सोंग केलं होतं. थोरल्याला तर आणखी एकेक गोष्ट आठवायला लागली. अण्णा दुसऱ्यांकडे जेवायला गेले तरी मांसाला शिवत नसत. पैलवानाला दुसऱ्या दुकानचं चालत नाही, अशी त्यावरून ख्याती झाली होती, आणि ती ख्याती थोरल्यानंच गावभर मिरवली होती.

नर्सबाई कपाळाला हात लावून बसली. तिनंच मागे अण्णांचं रक्त तपासून घेतलं होतं आणि मांसमच्छी न खाणाऱ्यांत जे जीवनसत्त्व कमी पडतं नेमकं तेच कमी आलं होतं. तिनं वयाचं निमित्त समजून गोळ्या सुरू करून दिल्या होत्या. दवाखान्यात रोज दहा जणांना ती विचारते, मांस खाता का, अंडी खाता का. बापाला विचारलं नाही. खाटकाच्या घरात हा प्रश्न सुचणार कुणाला, असं ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. आणि मग तिला हसू आवरेना. तिच्या मागे धाकटा हसायला लागला. आत्ता आत्तापर्यंत थोरल्याच्या बाजूनं बोलणारा धाकटा, बघता बघता टेबलाच्या त्या बाजूला गेला आणि म्हणाला, दादा, तुझा साक्षीदार फुटला.

थोरला उठला. खुर्ची मागे पडली ती त्यानं उचलली नाही. जिना उतरून तो सरळ दुकानात गेला.

त्याला राग आला होता आणि लाज वाटत होती, आणि दोन्हीपैकी जास्त काय ते कळत नव्हतं. आयुष्यभर त्यानं या फोटोखाली उभं राहून मांस विकलं. अशक्त पोरांच्या आयांना अण्णांकडे बोट दाखवलं. आणि अण्णा मागे उभे राहून सुऱ्याला धार लावत होते. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यानं आकड्याला टांगलेलं एक धड खांद्यावर घेतलं, शीतखोलीत ठेवायला. दोन पावलं गेला आणि पाठीत अशी कळ आली की जागीच थांबला. पुढे जाता येईना, ओझं खाली टाकवेना. धड जमिनीवर टाकायचं नाही, ही त्याला मिसरूड फुटायच्या आधी मिळालेली शिकवण होती.

मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावरचा भार अलगद उचलला.

चिमणी होती. वाढदिवसासाठी घातलेला नवा पांढरा सदरा अंगात, आणि त्यावर ते धड. तिनं ते एका खांद्यावर नीट बसवलं, आकड्याला राहिलेल्या दुसऱ्या धडाखाली गुडघे वाकवून गेली, पाठ सरळ ठेवून उठली आणि ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं. शीतखोलीचं दार तिनं पायानं ढकललं. दोन्ही धडं जागच्या जागी टांगली. परत आली तेव्हा श्वाससुद्धा वाढला नव्हता. थोरला पाठ धरून बघत राहिला. समोर ती आणि तिच्या डोक्यावर भिंतीवर तो फोटो. बाप म्हणून बघावं की खाटीक म्हणून, हेच त्याला समजेना. दोन्ही अर्थांनी काम बिनचूक झालं होतं.

"सदरा खराब झाला तुझा," तो म्हणाला.

"धुतला की डाग निघेल. आपले कपडे काय पहिल्यांदा खराब होतायत?"

त्या 'आपले'नं थोरल्याला बोलतं केलं. एरवी त्यानं विचारलं नसतं. रक्त, चक्कर, वजन, हे सगळं खरं होतं, खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली वर्षभर दुसरंच काहीतरी सलत होतं, आणि ते त्यानं बायकोजवळही काढलं नव्हतं.

"एक सांग मला," तो म्हणाला. "लाज वाटते का तुला या दुकानाची? माझ्या हाताला वास येतो त्याची?"

चिमणीला खरंच नवल वाटलं.

"बाबा, लाज वाटत असती तर पाठीवर नाव मागितलं असतं का मी?"

एवढी साधी गोष्ट थोरल्याच्या डोक्यात यायला हवी होती. तो ओंडक्याच्या कडेवर टेकला. चिमणीही शेजारी टेकली, लहानपणी टेकायची तशी. मग ती आपणहून बोलली. सुरुवातीला तिचं चुकलं होतं हे तिनं कबूल केलं, पोटाची आबाळ केली होती. आता नाही करत. तिला जगाला काही शिकवायचं नाही, कुणाच्या ताटात डोकवायचं नाही. दुकानातला पैसा तिच्या दुधाला आणि अंड्यांना लागतो हेही तिला ठाऊक आहे. तिला फक्त नको वाटतं. अण्णांना वाटतं तसं.

थोरल्याच्या डोळ्यांपुढे काड्यांसारख्या पायांचं एक पोर आलं. त्या पोराला कलेजी लागत होती, म्हणून बापानं स्वतःच्या तोंडातली काढून त्याला दिली. स्वतःला लागत नव्हती, म्हणून खाल्ली नाही. किती सरळ हिशेब होता. ज्याला जे हवं ते त्याच्या ताटात घालायचं, दर रविवारी अण्णांनी हेच तर केलं होतं. आणि आपण वर्षभर लेकीच्या ताटात आपल्याला हवं ते वाढत बसलो. बापाचा राग त्याच्या मनातून निघून गेला आणि त्या जागी जुना अभिमान परत येऊन बसला, पहिल्यापेक्षा मोठा होऊन. पैलवान खोटा नव्हता. त्याच्या बळाचं कारण तेवढं या घराला माहीत नव्हतं.

दोघं वर आले तेव्हा कुणीही जेवलं नव्हतं. कापणाऱ्यानं वाढल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हेही त्याच पद्धतीत होतं. रस्सा निवला होता. अण्णा खुर्चीत अवघडून बसले होते, ऐंशीचे दिसत होते, आणि थोरल्याला ते बघवलं नाही.

त्यानं अण्णांसमोरचं ताट उचललं आणि धाकट्यापुढे ठेवलं. फार हसत होतास ना, खा आता. मग तो चुलीशी गेला आणि आईला म्हणाला, "हंडी दे."

आई क्षणभर घुटमळली. मग तिनं मागच्या शेगडीवरची काळी हंडी कापडानं धरून त्याच्या हातात दिली. थोरला ती घेऊन भर टेबलापाशी आला. इतक्या वर्षांत ती हंडी कधी स्वयंपाकघराबाहेर आली नव्हती. त्यानं आधी अण्णांना वाढलं. मग चिमणीला. अंडी दोघांना एकेक. आईला विचारलं, तुझ्या पोटाचं काय, तर ती मान वर न करता म्हणाली, मला त्या मांडीचा हाडाजवळचा तुकडा दे, केव्हाची वाट बघतेय. या वेळी थोरलाही हसला.

बाकीच्यांना मांडी वाढून झाल्यावर धाकट्यानं विषय काढलाच. आता त्या फोटोखालच्या ओळीचं काय करायचं. थोरल्यानं सुरा पुसत सांगितलं की ओळ उद्या पुसायची, खोटं लिहून विकायची या दुकानाला गरज नाही. फोटोला मात्र कुणी हात लावायचा नाही. मग चिमणीकडे न बघता त्यानं तिला दोन गोष्टी सांगितल्या. महिन्याच्या महिन्याला आत्याकडे रक्त दाखवायचं, आणि आकडा खाली गेला तर लपवायचं नाही. ती हो म्हणाली.

"आणि पाठीवर नाव घालणार आहेस ते मोठ्या अक्षरात घाल. मागच्या रांगेतून दिसायला हवं. मी तिथं बसणार आहे."

चिमणीच्या आईनं उठून दाराजवळची बॅग आत नेऊन ठेवली. अण्णा जेवत होते, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर, तोंड टेबलाकडे करून, आणि दुसऱ्यांदा डाळ मागून घेत होते. थोरला सगळ्यांचं होईपर्यंत उभा राहिला. मग शेवटी बसला आणि निवलेलं मांस चवीनं जेवला.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं तेव्हा फोटोखालची तांबडी ओळ गेलेली होती, आणि फोटोच्या शेजारी एक नवा खिळा ठोकलेला होता. नुसता खिळा. रोजच्या गिऱ्हाईक मास्तरणीबाई पिशवी पुढे करता करता थबकल्या आणि म्हणाल्या, हा कशाला.

"माझ्या लेकीचा फोटो लागायचाय," थोरला म्हणाला. "पुढच्या आठवड्यात स्पर्धेत वजन उचलणार आहे ती."

जिंकली तर लावणार असाल, बाई म्हणाल्या.

"उचललं की लावणार. जिंकण्याचं तिचं ती बघेल."

बाईंनी कौतुकानं मान डोलावली. एवढं वजन उचलायचं म्हणजे पोरीला खायला काय घालता हो, त्यांनी विचारलं. नेहमीचा प्रश्न होता आणि थोरल्याजवळ त्याचं नेहमीचं उत्तर तयार असे. मागे अण्णांच्या सुऱ्याची धार लावायची घासघास थांबली.

"तिच्या अंगाला लागतं ते," थोरला मान ताठ करून म्हणाला. "तिच्या आजोबांसारखंच. आता तुमच्या घरच्यांना काय लागतं ते सांगा, म्हणजे तसं कापतो."